मिक्सरमध्ये फुटू नये, भेगेत फुटावी

सिमेंटमध्ये मायक्रोकॅप्सूल घालायच्या या विषयावर लिहायचं कधीपासून डोक्यात होतं. मी काँक्रीटच्या टेस्टिंग लॅबमध्ये काम करते आणि "ते स्वतःच्या भेगा स्वतः भरणारं काँक्रीट खरंच असतं का हो?" हा प्रश्न मला फार वेळा येतो. खरंच असतं, आणि ते करायची एक युक्ती म्हणजे या कॅप्सूल, ज्या भेग पडली की फुटतात आणि आतला माल भेग बुजवायला लागतो. पण बातम्यांमध्ये जेवढं मोठं करून सांगतात तेवढं ते नसतं, आणि जेवढं असतं तेवढंसुद्धा इतकं भारी आहे की ते नीट समजून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

मायक्रोकॅप्सूल म्हणजे अगदी बारीक गोळी, साधारण काही मायक्रॉनपासून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एक मिलिमीटरपर्यंत, बाहेर पातळ कवच आणि आत काहीतरी कामाचा माल. माल द्रव असेल, मेण असेल, जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे झोपलेल्या अवस्थेतले जिवाणू, असतील, कधीकधी नुसती हवाच. हे तंत्र काँक्रीटवाल्यांनी शोधलेलं नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत बॅरेट ग्रीन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने जिलेटिन आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक वापरून तेलाच्या थेंबांभोवती कवच तयार करायची पद्धत बसवली आणि त्यातून कार्बन न लावता कॉपी उमटणारा कागद आला. पेनाचा दाब पडला की कॅप्सूल फुटते, आतला रंगहीन डाय खालच्या कागदावरच्या लेपाला भेटतो आणि अक्षर उमटतं. बिलबुकाची पिवळी-गुलाबी पानं आठवत असतील तर तेच हे. आणि गंमत म्हणजे हीच जिलेटिन-डिंकाची जोडी साठ वर्षांनी काँक्रीटमध्ये आली, त्याबद्दल पुढे लिहितेच.

आधी भेगांचं बोलू. काँक्रीट दाबाला दणकट पण ताणाला कमकुवत, ताण सहन करायची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी. त्यामुळे सुकताना आकसलं, तापमान बदललं, भार आला, तरी भेग पडतेच, आणि डिझाइन करणाऱ्यांनी ते गृहीतच धरलेलं असतं, सळ्या घालतो त्या त्यासाठीच. बऱ्याच कोडमध्ये सर्वसाधारण ठिकाणी ०.३ मिमीपर्यंतची भेग चालते असं धरलेलं असतं, पाणी किंवा खारट हवा असेल तर त्याहून कमी. प्रश्न भेग दिसण्याचा नाहीये. काँक्रीटच्या छिद्रातलं पाणी कडक अल्कधर्मी असतं, पीएच १२.५ च्या वर, आणि त्यामुळे सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. भेगेतून क्लोराइड आत गेलं किंवा कार्बन डायऑक्साइडने तो पीएच खाली आणला की थर जातो, गंज सुरू होतो, गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो, मग भेग रुंद, मग अजून पाणी, मग कव्हरचे, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराचे, पापुद्रे गळायला लागतात. हे सगळं ज्या भेगेपासून सुरू होतं ती सुरुवातीला केसापेक्षा बारीक असते आणि तिच्याकडे कुणी बघतही नाही.

आता एक गोष्ट जी बहुतेक लेखांमध्ये शेवटी कुठेतरी येते ती मी इथेच सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं काही मोजताच येत नाही. साधं काँक्रीट, काहीही न घालता, थोडंफार स्वतःच भरतं. आत न भिजलेले सिमेंटचे कण शिल्लक असतात, भेगेतून पाणी आलं की ते हायड्रेट होतात, म्हणजे पाण्याशी रिॲक्शन होऊन घट्ट होतात, आणि पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम कार्बन डायऑक्साइडबरोबर मिळून कॅल्शियम कार्बोनेट होऊन भेगेच्या कडांवर बसतं. जुन्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर पांढरी रेघ दिसते आणि गळती आपोआप थांबलेली असते, ती हीच. साधारण ०.१ ते ०.२ मिमीपर्यंतच्या भेगा पाणी मिळालं तर अशा बुजू शकतात. म्हणजे कॅप्सूल घालून ०.१ मिमीची भेग भरली असं कुणी दाखवलं तर माझा पहिला प्रश्न असतो, शेजारी बिनकॅप्सूलचा नमुना ठेवला होता का आणि त्याचं काय झालं.

सेल्फ हीलिंगची, म्हणजे स्वतःच भरून येण्याची, कल्पना काँक्रीटमध्ये आणायचा प्रयत्न कॅरोलिन ड्राय यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९९० च्या दशकातच केला होता, पोकळ तंतूंमध्ये चिकटद्रव्य भरून. पण मायक्रोकॅप्सूल हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आला तो २००१ मध्ये, त्याच विद्यापीठाच्या स्कॉट व्हाइट आणि सहकाऱ्यांचा पेपर नेचर या विज्ञान नियतकालिकात आला तेव्हा. त्यांनी इपॉक्सीच्या प्लास्टिकमध्ये युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या कवचाच्या कॅप्सूल घातल्या, आत डायसायक्लोपेंटाडाईन हा द्रव, आणि बाहेर प्लास्टिकमध्ये उत्प्रेरकाचे कण पसरलेले. भेग कॅप्सूलमधून गेली, द्रव केशाकर्षणाने भेगेत ओढला गेला, उत्प्रेरकाला भेटला आणि घट्ट झाला. इतकं सुंदर आणि स्वच्छ काम होतं ते की जगभरातल्या सिमेंटवाल्यांनी म्हटलं चला, आपणही करू.

आणि तिथेच सगळे अडकले, कारण प्लास्टिकमध्ये कॅप्सूल हलक्या हाताने ढवळता येतात पण काँक्रीट मिक्सरमध्ये खडी असते. वीस मिलिमीटरची खडी, कोरडी वाळू, लोखंडी पाती, सगळं एकमेकांवर आपटतंय आणि घासतंय, त्यात तुमची ती पाच-दहा मायक्रॉन कवचाची गोळी. कवच जाड केलं, कडक केलं, तर ती मिक्सरमधून सुखरूप बाहेर येते, पण मग भेग आली की फुटतच नाही, भेग तिला वळसा घालून निघून जाते. कवच पातळ केलं तर भेगेत छान फुटेल, पण तोपर्यंत ती शिल्लकच नसते. मिक्सरमध्ये फुटू नये आणि भेगेत फुटावी, एवढी एकच मागणी, पण दोन्ही बाजू एकमेकींच्या विरुद्ध. या विषयातलं जवळपास सगळं चांगलं संशोधन या एका वाक्याभोवती फिरतं असं माझं मत आहे, आणि आत कुठलं रसायन भरलं यापेक्षा कवच कसं आहे हे मी आधी बघते.

भेग कॅप्सूलमधून जाईल की बाजूने, हे दोन गोष्टींवर ठरतं. एक म्हणजे कवच आजूबाजूच्या सिमेंटपेक्षा ताठ आहे की मऊ. ताठ गोळी भेगेला बाजूला ढकलते, कमी ताठ गोळी भेगेला स्वतःकडे ओढते. दुसरी म्हणजे कवच आणि सिमेंट यांची पकड. पकड कमजोर असली तर भेग दोघांच्या मधल्या सांध्यातून सरकते, गोळी अख्खीच्या अख्खी एका बाजूला चिकटून राहते आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत वाटीसारखा खड्डा. मायक्रोस्कोपखाली तुटलेल्या पृष्ठभागाचे असे फोटो खूप पेपर्समध्ये दिसतात आणि ते बघून वाईट वाटतं, कारण आत माल तसाच भरलेला असतो. म्हणून काही जण कवचाचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करतात किंवा त्यावर सिलिकाचा थर देतात, म्हणजे सिमेंटची त्यावर पकड बसेल.

केंब्रिजमध्ये अबीर अल-तब्बा यांच्या गटाने जो मार्ग काढला तो मला सगळ्यात जास्त आवडतो. त्यांनी २०१७ मध्ये जिलेटिन आणि डिंकाच्या कवचाच्या कॅप्सूलवर काम प्रसिद्ध केलं, आत द्रव सोडियम सिलिकेट. या कवचाचा गुण असा की ओलं असताना ते रबरासारखं लवचिक असतं आणि वाळलं की ठिसूळ होतं. डिंक हाताळलेल्या कुणालाही हे लगेच कळेल, भिजलेला डिंक दाबला तर दबतो, वाळलेला खडा दाबला तर कडकन तुटतो. तर काँक्रीट मिक्स होत असताना सगळं ओलं असतं, कॅप्सूल दबते, वाकते, खडीच्या मधून निसटते, फुटत नाही. मग सिमेंट पाणी ओढून घेतं, काँक्रीट सेट होतं, कवचातलं पाणी कमी होतं आणि ते कडक-ठिसूळ होऊन बसतं, भेगेची वाट बघत. म्हणजे ज्या दोन मागण्या एकाच वेळी पुऱ्या होत नव्हत्या त्या वेगवेगळ्या वेळी पुऱ्या केल्या. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगत सुटले होते.

आत काय भरायचं याचे पर्याय भरपूर आहेत. इपॉक्सी, मिथाइल मेथाक्रिलेट, आयसोसायनेट, जवसाचं तेल, सोडियम सिलिकेट, कॅल्शियम नायट्रेट, बीजाणू. दोन घटक लागणाऱ्या वस्तूंबद्दल मला शंका वाटते, म्हणजे इपॉक्सी एका कॅप्सूलमध्ये आणि हार्डनर दुसऱ्या कॅप्सूलमध्ये किंवा सिमेंटमध्ये पसरलेला, कारण दोघे योग्य प्रमाणात एकाच जागी भेटणं हा बराचसा नशिबाचा भाग होतो. सोडियम सिलिकेटला जोडीदार बाहेरून आणावा लागत नाही, सिमेंट हायड्रेट होताना तयार झालेलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड तिथे असतंच, त्याच्याशी मिळून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होतं, म्हणजे ज्या पदार्थाने सिमेंट मुळात जोडलेलं आहे त्याच जातीचा पदार्थ. पण इथेही दोन बारीक गोष्टी आहेत ज्या विसरल्या जातात. फ्लाय ॲश (कोळशाच्या वीजकेंद्रातली राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) भरपूर घातलेल्या मिक्समध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड मुळातच कमी उरतं, आणि भेग जुनी होऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तिच्या कडांचं कार्बोनेशन झालेलं असेल तर तिथेही ते संपलेलं असतं. शिवाय या रिॲक्शनमधून सोडियम हायड्रॉक्साइड मोकळं होतं, म्हणून खडी अल्कलीला रिॲक्टिव्ह, म्हणजे अल्कलीशी रिॲक्शन होऊन फुगणारी, असेल तर मी तरी सिलिकेट वापरायच्या आधी खडीची टेस्ट करून घेईन.

आता गणिताकडे येते. हे गणित कागदावर पाच मिनिटांत होतं आणि बऱ्याच मोठ्या दाव्यांना ते जमिनीवर आणतं. समजा काँक्रीटच्या आकारमानाच्या २ टक्के कॅप्सूल घातल्या, प्रत्येकीचा व्यास ०.३ मिमी. एक सपाट भेग यातून गेली तर कुठल्या कॅप्सूल फुटतील? ज्यांचा मध्य भेगेपासून अर्ध्या व्यासाच्या आत आहे त्याच, म्हणजे भेगेच्या दोन्ही बाजू मिळून ०.३ मिमी जाडीच्या पट्ट्यातल्या. त्या पट्ट्यात कॅप्सूलचा वाटा २ टक्के, म्हणजे भेगेच्या पृष्ठभागावर पसरवला तर द्रवाचा थर ०.३ गुणिले ०.०२, ०.००६ मिमी. सहा मायक्रॉन! आणि ते सगळ्या फुटल्या, सगळ्या पूर्ण रिकाम्या झाल्या आणि कवचाची जाडी शून्य असं धरून. भेग ०.२ मिमी असेल तर तिचा ३ टक्के भाग भरला. प्रमाण ५ टक्क्यांवर नेलं तरी पंधरा मायक्रॉन. भेग कॅप्सूलकडे थोडी ओढली जाते म्हणून प्रत्यक्षात जरा जास्त मिळेल पण दहापट नाही.

त्यात अजून एक फसगत असते, प्रमाण कशाच्या टक्क्यात सांगितलंय ते बघा. बरेचदा ते सिमेंटच्या वजनाच्या टक्क्यात असतं. एका घनमीटरमध्ये ३५० किलो सिमेंट धरलं तर ५ टक्के म्हणजे साडेसतरा किलो, कॅप्सूलची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त, १.१ धरा, तर ते झाले सोळा लिटर, म्हणजे काँक्रीटच्या आकारमानाचा जेमतेम १.६ टक्का. ऐकायला पाच, प्रत्यक्षात दीड.

या गणितावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, कॅप्सूल मोठी असेल तर त्याच टक्क्यात जास्त द्रव मिळतो, कारण थराची जाडी व्यासावर अवलंबून आहे, १ मिमीच्या कॅप्सूल ५ टक्के घातल्या तर ५० मायक्रॉनचा थर येतो. पण एवढ्या मोठ्या गोळ्या म्हणजे काँक्रीटमध्ये तेवढ्या मोठ्या कमजोर जागा. दुसरी, मायक्रोकॅप्सूलचं खरं काम बारीक भेगांमध्ये आहे, ज्या अजून पाच-पन्नास मायक्रॉनच्याच आहेत, किंवा मग आतला माल असा हवा जो स्वतःच्या आकारमानापेक्षा जास्त काहीतरी तयार करेल, सिमेंटमधून आणि पाण्यातून कॅल्शियम ओढून घेऊन. जिवाणू तेच करतात, पाणी मिळालं की जागे होऊन कॅल्शियम कार्बोनेट तयार करतात, आणि सिलिकेटही काही प्रमाणात साध्या नैसर्गिक भरण्याला हात देतं. म्हणून नुसता द्रव भेगेत ओतला जातो हे चित्र मला अपुरं वाटतं, कॅप्सूल भेगेत एक सुरुवात करून देते आणि पुढचं काम पाणी आणि सिमेंट करतात हे जास्त बरोबर आहे.

निकाल काय सांगतात? अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड विद्यापीठात मिशेल पेलेटिये यांनी पॉलियुरेथेनच्या कवचात सोडियम सिलिकेट भरून साधारण २ टक्के घातलं, नमुन्यांवर ते जवळजवळ तुटेपर्यंत भार दिला, काही काळ ठेवले आणि पुन्हा तपासले. कॅप्सूलवाल्यांनी मूळ ताकदीच्या २६ टक्के परत मिळवली, साध्यांनी १० टक्के. मला हे आकडे आवडतात कारण ते प्रामाणिक आहेत. साध्या काँक्रीटचे १० टक्के लपवलेले नाहीत आणि २६ म्हणजे शंभर नाही हेही लपवलेलं नाही.

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात नेले दे बेली यांच्या गटाचं २०१४ चं काम जिवाणूंवरचं. जिवाणूंचे बीजाणू मेलामाइनवर आधारित कवचात. याची गरज का पडली तर, नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या हेंक योंकर्स यांच्या गटाला दिसलं होतं की बीजाणू थेट सिमेंटमध्ये टाकले तर ते काही महिनेच जगतात, कारण सिमेंट घट्ट होत जातं तशी छिद्रं बारीक होत जातात आणि बीजाणू त्यात चिरडले जातात. कवच त्यांना जागा देतं. गेंटच्या नमुन्यांमध्ये भेगेचा भरलेला भाग बिनजिवाणूवाल्यांपेक्षा बराच जास्त होता, आणि सर्वात रुंद भरलेली भेग ९७० मायक्रॉनची, जवळजवळ एक मिलिमीटर, जिवाणू नसलेल्यांमध्ये ती साधारण २५० मायक्रॉन. पण हा निकाल सगळ्यात छान आला तो ओलं-कोरडं, ओलं-कोरडं अशा चक्रांमध्ये. पाणीच नाही अशा ठिकाणी जिवाणू झोपूनच राहतात. आणि कॅप्सूलचं प्रमाण वाढवलं तशी दाबाची ताकद घटत गेली, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलंय.

लॅबच्या बाहेरचं उदाहरण म्हणजे वेल्समधला ए-४६५ रस्ता, हेड्स ऑफ द व्हॅलीज म्हणतात त्याला. कार्डिफ, केंब्रिज आणि बाथ या तीन विद्यापीठांच्या मटेरियल्स फॉर लाइफ प्रकल्पात २०१५ मध्ये तिथे भिंतीसारखे पॅनेल ओतले, एकात सोडियम सिलिकेटच्या मायक्रोकॅप्सूल, एकात जिवाणू, एकात आकार लक्षात ठेवणाऱ्या पॉलिमरच्या पट्ट्या वगैरे, आणि तुलनेला साधा पॅनेल. मग त्यांच्यावर मुद्दाम भार देऊन भेगा पाडल्या आणि लक्ष ठेवलं. मला या प्रयोगातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे साइटवर, खऱ्या काँक्रीटमध्ये कॅप्सूल घालून ओतता आल्या. लॅबमध्ये दोन लिटरचा मॉर्टरचा, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणाचा, घाणा वेगळा आणि साइटवर शटरिंगमध्ये व्हायब्रेटर मारून ओतणं वेगळं.

या साइटच्या अडचणींवर फारसं कुणी लिहीत नाही म्हणून थोडं लिहिते. कॅप्सूल हलक्या असतात, काँक्रीटची घनता २.४ च्या आसपास आणि यांची १ च्या जवळ, त्यामुळे पातळ मिक्समध्ये जास्त व्हायब्रेशन दिलं तर त्या वर तरंगून येऊ शकतात आणि खालच्या भागात काहीच उरत नाही. कोरड्या पावडरच्या रूपात आल्या तर गुठळ्या होतात, पाण्यात भिजवलेल्या आल्या तर ते पाणी मिक्सच्या पाण्यातून वजा करायला हवं, नाहीतर पाणी-सिमेंट प्रमाण बिघडतं आणि मग ताकद कमी आली की दोष कॅप्सूलला. घालायच्या शेवटी, खडी-वाळू-सिमेंट-पाणी नीट एकजीव झाल्यावर, म्हणजे मार कमी बसतो. आणि कवच नीट धुतलेलं नसेल तर त्यातले उरलेले पदार्थ सेटिंगला उशीर करू शकतात, साखरेच्या जातीचे पदार्थ सिमेंटला किती थोपवून धरतात हे काँक्रीटवाल्यांना सांगायला नको. सेटिंग टाइमची टेस्ट साधी आहे, ती करा.

ताकदीचं म्हणाल तर कॅप्सूल म्हणजे सिमेंटच्या दृष्टीने जवळपास भोकच. हवेच्या बुडबुड्यांबद्दलचा जुना अंदाज असा की १ टक्का हवा वाढली की दाबाची ताकद साधारण ५ टक्के घटते. कॅप्सूलचं प्रमाण वाढवताना हा अंदाज मनात ठेवला तर नंतर टेस्टचा काँक्रीटचा क्यूब दाबल्यावर धक्का बसत नाही, मिक्स डिझाइनमध्येच तेवढी सोय करून ठेवता येते.

हवेवरून आठवलं, भोक हेच ज्यांचं काम आहे अशाही कॅप्सूल आहेत. थंड प्रदेशात काँक्रीटमधलं पाणी गोठतं, गोठताना ९ टक्के फुगतं, आणि जवळ मोकळी जागा नसेल तर काँक्रीट फुटतं. १९३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लक्षात आलं की काही रस्त्यांच्या सिमेंटमध्ये ते दळताना चरबीसारखे पदार्थ मिसळलेले होते आणि ते रस्ते थंडीत जास्त टिकत होते, कारण त्यात बारीक हवा अडकली होती. पुढे टी. सी. पॉवर्स यांनी दाखवलं की हवा एकूण किती आहे यापेक्षा बुडबुडे एकमेकांपासून किती जवळ आहेत हे महत्त्वाचं, सिमेंटच्या पेस्टमधल्या कुठल्याही जागेपासून बुडबुडा साधारण ०.२ मिमीच्या आत हवा. पण फेस करून आणलेली हवा लहरी असते, जास्त मिक्स केलं, पंप केलं, फ्लाय ॲशमध्ये कार्बन जास्त निघाला की बदलते. पॉलिमरच्या कवचातली आयती पोकळ मायक्रोगोळी मात्र मिक्सरमध्ये आकार बदलत नाही, बारीक आणि सारख्या मापाची असल्यामुळे कमी हवेतच हवं ते अंतर मिळतं, म्हणजे ताकदही कमी जाते. हिला फुटायचंच नाहीये म्हणून ती अर्धी लढाई आधीच जिंकलेली. सेल्फ हीलिंगच्या मानाने याच्या बातम्या होत नाहीत पण माझ्या मते आज सगळ्यात भरवशाचा वापर हाच आहे.

तिसरा प्रकार मेणाचा. पॅराफिन मेणाचे थेंब ॲक्रिलिकच्या कवचात, मेण वितळताना उष्णता शोषून घेतं आणि गोठताना परत देतं, म्हणून भिंतीत घातलं तर खोलीचं तापमान कमी हेलकावतं. जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीने मायक्रोनाल नावाने अशा कॅप्सूल आणल्या होत्या, २१, २३ आणि २६ अंशाला वितळणाऱ्या. पुन्हा छोटं गणित, एक किलो अशी पावडर वितळताना साधारण १०० किलोज्यूल घेते, काँक्रीट एका अंशाला किलोमागे साधारण १ किलोज्यूल घेतं, तर काँक्रीटमध्ये वजनाच्या ३ टक्के पावडर म्हणजे जवळपास ३ अंशांची जादा साठवण, तीही नेमकी आपल्याला हव्या त्या तापमानाला. वाईट नाही, पण जादूही नाही. आणि इथेही मिक्सर आडवा येतोच. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००९ मध्ये सेल्फ कॉम्पॅक्टिंग (व्हायब्रेटर न मारता स्वतःच पसरून बसणाऱ्या) काँक्रीटमध्ये या कॅप्सूल घालून बघितल्या, उष्णतेचे गुण सुधारले पण ताकद चांगलीच पडली, आणि सूक्ष्म तपासणीत कळलं की बऱ्याच कॅप्सूल मिक्सिंगमध्येच फुटून मेण बाहेर आलं होतं. म्हणून मी म्हणेन की मेणाच्या कॅप्सूल भार घेणाऱ्या काँक्रीटमध्ये घालण्यापेक्षा प्लास्टरमध्ये किंवा जिप्समच्या बोर्डात घालाव्यात, तिथे खडी नाही, ताकदीची मोठी अपेक्षा नाही, आणि खोलीची हवा जिथे भिंतीला लागते त्या थरातच माल असतो.

टिकण्याचा प्रश्न राहतोच. इमारत पन्नास-शंभर वर्षांसाठी बांधतो आणि सळई गंजवणारी भेग तिसाव्या वर्षी पडू शकते, तोपर्यंत आतला द्रव द्रवच राहील का, कवच १२.५ च्या वरच्या पीएचमध्ये तग धरेल का, हे काही महिन्यांच्या प्रयोगात सिद्ध होत नाही. शिवाय एकदा फुटलेली कॅप्सूल संपली, तीच भेग पुन्हा उघडली तर तिथे काही नाही, आणि रोज गाड्यांखाली उघडझाप करणाऱ्या भेगेत कडक ठिसूळ भरण टिकतही नाही. कवचांचा विचार करताना फॉर्मल्डिहाइडपासून दूर जायला हवं असंही मला वाटतं, कारखान्यात हाताळणाऱ्या माणसांसाठीच. आणि सिमेंटचं उत्पादन जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात ७-८ टक्के भर घालतं, तर एखादं बांधकाम वीस वर्षं जास्त टिकलं तर वाचणारं सिमेंट ही या सगळ्यामागची खरी मोठी आशा आहे, त्यासाठीच मी हे इतक्या जिव्हाळ्याने वाचत असते. पण म्हणूनच नुसती आशा पुरत नाही, कॅप्सूल बनवायला लागणारी ऊर्जा आणि घटलेल्या ताकदीसाठी जादा घालावं लागणारं सिमेंटही हिशोबात धरायला हवं.

मग कुठे वापराव्यात? मी तरी पूर्ण इमारतीत घालणार नाही. जिथे पाणी आहे आणि गळती हाच शत्रू आहे, म्हणजे पाण्याच्या टाक्या, बेसमेंटच्या भिंती, बोगद्याचं अस्तर, आणि त्यातही फक्त कव्हरच्या थरात किंवा दुरुस्तीच्या मॉर्टरमध्ये, जिथे खडी बारीक असते त्यामुळे कॅप्सूल वाचतात आणि कमी मालात जास्त जागा राखली जाते. कुणी माल घेऊन लॅबमध्ये आलं तर मी आधी मिक्स झालेल्या ताज्या काँक्रीटमधून नमुना काढून, धुऊन, किती कॅप्सूल शाबूत आहेत ते बघेन, मग कडक झालेला नमुना तोडून किती फुटल्या आणि किती नुसत्या सुटून आल्या ते मोजेन, मग भेग पाडलेल्या नमुन्यांतून पाणी किती जातं ते कॅप्सूलवाल्या आणि साध्या, दोन्हींवर, त्याच दिवशी, तेवढंच पाणी मारून. भेग वरून बुजलेली दिसते आणि आतून पाणी तसंच जात असतं असं होतं, त्यामुळे फोटोवर समाधान मानायचं नाही, पाणी मोजायचं.